मिलचा कान

"रोलर घट्ट आहे," विक्कीने डोळे मिटून सांगितलं.

मूल गावच्या राइस मिलमध्ये नव्या ऑपरेटरची परीक्षा चालू होती. विक्की आयटीआय पास होता आणि मालकांच्या मेहुण्याचा मुलगा होता. दोन्ही गोष्टींची नोंद घेण्यात आली होती. धान सोलायच्या यंत्रात दोन रबरी रोलर असतात. ते फार जवळ आले की तांदूळ तुटून कणी होते, फार लांब गेले की धान सालीसकट बाहेर पडतं. मालक प्रफुल्लभाऊंनी रोलर आवळायचं चाक फिरवून यंत्र मुद्दाम बिघडवून ठेवलं होतं. नुसत्या आवाजावरून दोष ओळखायचा होता. निवृत्त होणारे बापूजी तो तसाच ओळखत, अशी त्यांची तीन तालुक्यांत ख्याती होती. दुसऱ्या मिलमध्ये कणी जास्त निघाली की तिथले लोक म्हणत, आपल्याकडे बापूजींचा कान नाही.

तो कान आता समोर खुर्चीत बसला होता. बापूजी म्हणतील तोच ऑपरेटर, असं मालकांनी सकाळीच सगळ्या हमालांसमोर जाहीर केलं होतं.

बापूजी तीस वर्षं त्याच यंत्रापाशी उभे होते आणि कमी बोलत. मालकांनी सुट्टी नाकारली की ते शांतपणे मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी येत नसत. मालक याला बाणा म्हणत. मिलमध्ये त्यांच्याविषयी एकच वाईट गोष्ट बोलली जाई. यंत्र चालू असलं की त्यांची नजर दुर्गाबाईवरून हलत नसे. हमाल त्यावर त्यांच्या पाठीमागे, चांगल्या मोठ्या आवाजात, विनोद करत. बापूजींनी कधी वळूनही पाहिलं नाही. गेंड्याची कातडी, असं ठरलं.

दुर्गाबाई यंत्राच्या तोंडाशी सूप घेऊन बसे. मिलमधली कामाची वाटणी सोपी होती. विजेवर चालतं ते पुरुषांचं, हातावर चालतं ते बायकांचं. आता मालकांनी विजेवरची चाळणी मागवली होती, त्यामुळे तेही काम पुरुषांकडे जाणार होतं. दिवाळीनंतर सुपावरच्या बायकांनी घरी बसायचं होतं. म्हणून आदल्या दिवशी दुर्गाबाईने ऑपरेटरची जागा मागितली. मालक वाईट माणूस नव्हते. ते मनापासून हसले. ऑपरेटरला कान लागतो, म्हणाले, आणि बायकांचा कान तर शेजारणीच्या घरात असतो.

बायकांच्या बडबडीत यंत्र ऐकू येत नाही म्हणून परीक्षेपुरतं त्यांना बाहेर काढलं होतं. त्या दारात गप्प उभ्या होत्या. आत सगळे पुरुष एकदम बोलत होते.

"सांगा बापूजी, घट्ट आहे का?" मालकांनी विचारलं.

बापूजींनी यंत्राकडे पाहिलं. मग यंत्राच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला. मालकांनी पुन्हा विचारलं. बापूजी नुसते बसून राहिले. म्हातारा संपला, असं कोणीतरी म्हणालं आणि विक्की हसला.

दुर्गाबाईने दारातून ते पाहिलं. कोणाला न विचारता ती आत आली, आपल्या जागेवर बसली, सुपात तांदूळ घेतला आणि पाखडला. सूप उजवीकडे कललं.

बापूजी उठले. त्यांनी चाक अर्धा फेरा आवळलं. दुर्गाबाईने पुन्हा पाखडलं. सूप थोडं डावीकडे झुकलं. बापूजींनी चाक किंचित मागे घेतलं. तिसऱ्या वेळी सूप सरळ राहिलं. मालकांनी मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन उजेडात धरला. कणी नाही, साल नाही. रोलर घट्ट नव्हताच, ढिला होता.

हमालांनी माना डोलावल्या. कान म्हणजे कान.

दुर्गाबाई सूप उचलून दाराकडे निघाली. काल मालक हसत होते तेव्हाही तिच्याजवळ एक उत्तर होतं. ते तिने काल दिलं नव्हतं आणि आजही देणार नव्हती.

बापूजी तिला आडवे गेले. कमरेचा पाना काढला आणि तिच्या सुपात ठेवला.

"बापूजी, हे काय करून राह्यले तुमी?" मालक मागून ओरडले. बापूजींनी वळून पाहिलं नाही. मालकांनी खूण करून यंत्र बंद करायला लावलं. मिलमध्ये इतकी शांतता झाली की छपरावरचं कबुतर ऐकू आलं.

"सूप धरणारी बाई हाय ते," मालक आणखी मोठ्याने म्हणाले. "आपरेटरले कान पाह्यजे, कान!"

बापूजींची पाठ तशीच होती.

दुर्गाबाईने सूप हळूच मालकांच्या दिशेने कलवलं. तेव्हा बापूजी वळले. मालक स्वतःच्या कानाला बोट लावून उभे होते. बापूजींनी ते बोट नीट पाहिलं. मग, यंत्र अजून चालूच आहे अशा आवाजात, ते बोलले.

"कान म्हणून राह्यले काय, प्रफुल्लभाऊ? मले आठ वर्सांपासून कायच आयकू येत नाई. हे बाई सूप कलवते तसं मी चाक फिरवतो."

दुर्गाबाईने पाना कमरेला खोचला आणि रिकामं सूप विक्कीच्या हातात दिलं.