शून्यावरचा काटा

काटा शून्यावर पडला आणि डेल्माने त्याच क्षणी चावी फिरवली. जुनी टोयोटा लाल वाळूत घरंगळत थांबली. ऑइलचा दाब गेला की आधी इंजिन बंद, मग विचार. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं.

बाबा शेजारच्या सीटवर होते, अंगावर घोंगडी. मघाशी खडक दिसू लागले तेव्हा ते सुजलेला पाय चोळायला खाली वाकले होते. आत्ता कुठे सरळ झाले.

डायलिसिसचं इस्पितळ असलेलं अ‍ॅलिस शहर अजून तीनशे किलोमीटर होतं. स्वतःच्या भावाच्या अंत्यविधीसाठी बाबा गावी आले आणि डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकल्या. आज संध्याकाळपर्यंत मशीनवर घ्यायलाच हवं, नाहीतर हृदय थांबेल, असं नर्सने बजावलं होतं. इथे फोनला रेंज नव्हती. या रस्त्यावर दिवसाकाठी एखादी गाडी यायची, तीही आली तर.

"आवाज चांगला होता, बाबा. काही ठोकत नव्हतं. तशीच हाणू का?"

"मरणारं इंजिनही आधी गप्पच असतं. बॉनेट उघड."

ते बसल्या जागेवरून सांगत गेले, ती करत गेली. ऑइल खुणेपर्यंत होतं, पातळही झालं नव्हतं. फिल्टर घट्ट होता. गाडीखाली एक थेंब नव्हता. दाब मोजणारा सेन्सर तिने घासून परत बसवला. इंजिन क्षणभर चालू करून पाहिलं, काटा हलला नाही.

डॅशबोर्डखालची एखादी वायर सुटली असेल का, असं तिने विचारलं.

"ते जोड माझ्या हातचे आहेत," बाबा म्हणाले. "माझे जोड सुटत नाहीत."

मग सेन्सरच गेला असणार, असं ठरलं. मागे वळणावर कुणाचीतरी मोडकी टोयोटा पडली होती, तिचा काढून आणायला त्यांनी तिला पाठवलं. जायला तास, यायला तास. ती परतली तेव्हा ते कसेबसे उतरून वाळवंटी ओकच्या झाडाच्या सावलीत बसले होते, तोंड खडकांकडे. त्या खडकांतल्या पाण्यापाशीच त्यांचा जन्म झाला होता.

"किती हळू चालतेस. शहराने पाय मऊ केले तुझे."

तिने चहा दिला. त्यांनी पेला डाव्या हाताने घेतला.

नव्या सेन्सरनेही काटा शून्यावरच राहिला. मग पंप गेला असेल, बाबा म्हणाले, इंजिनखालचं ऑइलचं चेंबर उतरव. ती गाडीखाली सरपटली आणि एकेक बोल्ट सोडवू लागली. तिच्या नाक ओढण्याचा आवाज त्यांना ऐकू गेला असावा.

"रडू नकोस. ऑइलमध्ये पाणी जातं."

"मी तुला पोचवू शकत नाहीये, बाबा."

"काटा पडला तशी थांबलीस," ते म्हणाले. "चांगली शिकलीस."

शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा ऊन कलून खडक लालभडक झाले होते. तिने हाक मारली. बाबांनी ओ दिली नाही.

ती बराच वेळ त्यांच्याजवळ बसली. मग हात छातीवर नीट ठेवावेत म्हणून तिने त्यांची उजवी मूठ हळूच उघडली. आत बोटभर वायर होती, काट्यामागची, आणि तिच्या टोकाला त्यांनीच कधीकाळी घट्ट गुंडाळलेली काळी चिकटपट्टी.