जुलै ते ऑक्टोबर

मंगल कार्यालयांच्या वर्षभराच्या बुकिंगचा डेटा तिघांच्या तीन मशीनवर वाटायचा होता. ज्याचं मशीन मोकळं होईल तो घरी सुटणार होता. दाभाडे सर फळ्यावर महिन्यांमध्ये रेघा मारत होते.

"जुलै ते ऑक्टोबर मला द्या, सर," मृण्मयी साळसूदपणे म्हणाली. सणासुदीचे महिने तिने स्वतःहून घेतले म्हणून बाकी दोघांनी चक्क तिचे आभार मानले.

दुपारच्या चहाआधीच तिचं मशीन मोकळं झालं. त्या दोघांची अजून घरघरतच होती.

"अरे, चातुर्मासात लग्नं करतं कोण?" पर्स उचलत ती हसली.

दाभाडे सरांनी फळ्यावरचं 'मंगल कार्यालये' पुसून तिथे 'मिठाईची दुकानं' लिहिलं. रेघांना मात्र हात लावला नाही.

"उद्या हे घेऊ. राखी, गणपती, दसरा... महिने ज्याचे त्याच्याकडेच हं, मृण्मयी!"