झडती

दरवाजाशी पोचल्याबरोबर बाबांनी दोन्ही हात वर केले आणि पाय फाकवून उभे राहिले.

वॉचमन घाबरला. पोरगेलासाच होता. "आजोबा, काय झालं?"

"झडती घे."

"कसली झडती? हा दवाखाना आहे."

"बाबा, हात खाली घ्या," मुलगी म्हणाली. "लोकांना वाटेल दरोडा पडलाय."

मुलगी शहर बस चालवायची. 'पुढे सरका, पुढे सरका' करून तिचा आवाज बसला होता. संयम आधीपासूनच नव्हता. आज तिनं बाबांच्या खोकल्यासाठी रजा टाकली होती, म्हणून ती जास्तच चिडलेली होती.

ही इमारत म्हणजे आधी कापडगिरणी. गिरणी बंद पडल्यावर बरीच वर्षं कबुतरांची. आता तिथे सरकारनं छातीच्या रोगांचं संशोधन केंद्र काढलं होतं, सगळ्यांना फुकट. भिंती त्याच ठेवल्या, धुराडं तेच ठेवलं. दारातला लाकडी ओटासुद्धा पॉलिश मारून ठेवला. सुट्टी झाली की एकेक कामगार त्या ओट्यावर चढायचा आणि पहारेकरी त्याला वरपासून खालपर्यंत चाचपायचा. आता त्यावर कुंडी होती. झडती खरं तर बाहेर पडताना व्हायची. पण बाबांच्या अंगाला ओटा तेवढा आठवत होता, दिशा नाही.

"उभी हयात गेली इथे," बाबा वॉचमनला म्हणाले. "एक सूत बाहेर नेलं नाही."

"बरं," वॉचमन म्हणाला.

हे वाक्य घरात मिठासारखं रोज लागायचं. कारण काका सापडला होता.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, त्याच गिरणीत. मुलगी जन्मली त्या आठवड्यात त्यानं शर्टाच्या आत पोटाला कापडाचा तुकडा गुंडाळला. पुतणीला टोपडं शिवायला. पहारेकऱ्याला टोक सापडलं आणि तो ओढत राहिला. काका ओट्यावर भोवऱ्यासारखा फिरत राहिला. सगळी रांग हसली. रांगेत त्याच्या मागेच बाबा होते.

"हा तुझा भाऊ ना?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"माझा कोणी नाही," बाबा म्हणाले.

काकाची नोकरी गेली. तेव्हापासून दोघं दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहिले आणि बोलले नाहीत. मुलीच्या लग्नात काकानं रस्त्यापलीकडून हात हलवला होता. आता तो अंथरुणाला खिळला होता, नाकात नळी, फार दिवस नाहीत असं सगळेच म्हणत होते. आज सकाळीही मुलीनं विषय काढला होता. "एकदा जाऊन या हो. मी सोडते."

"चोराकडे मी जात नाही," बाबा म्हणाले होते आणि खोकत चपला घातल्या होत्या.

आत सगळं पांढरं होतं. बाबा खांब मोजल्यासारखे चालत होते. "इथे पिंजणी होती," एका काचेच्या खोलीपाशी ते म्हणाले. "माझं मशीन इथे. कापूस असा उडायचा की समोरचा माणूस दिसायचा नाही."

खोलीत आता डॉक्टरबाई बसली होती. मुलीपेक्षा लहान. तिनं बाबांच्या तोंडात नळी दिली. "जोरात फुंका."

बाबांनी फुंकलं. पडद्यावरची रेघ उठली, विचार बदलला आणि आडवी झाली.

"अजून जोरात, आजोबा."

"बाबा, चहा नाही गार करायचाय," मुलगी म्हणाली.

परत फुंकलं. रेघेचं तेच. मग डॉक्टरबाईनं छातीचा फोटो पाहिला, काम काय होतं ते विचारलं, कानातली नळी पाठीला लावून बराच वेळ ऐकलं. मग खुर्ची पुढे ओढून बसली.

"आजोबा, हा साधा दमा नाही. कापसाची धूळ आहे. इथलीच. रोज थोडी थोडी छातीत गेली आणि बसली."

बाबा हसले. "माझ्या नाही. दुसऱ्या कोणाची असेल."

"तुमच्याच."

"शक्यच नाही, बाई. माझी रोज झडती व्हायची."

डॉक्टरबाईनं मुलीकडे पाहिलं. मुलीनं छताकडे पाहिलं.

"ती झडतीत सापडत नाही, आजोबा," डॉक्टरबाई हळू म्हणाली. "पण होती. रोज घरी नेत होतात तुम्ही."

बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. मग त्याच्या खालचं चाचपून पाहिलं, लागलेलंच होतं. औषधं कशी घ्यायची ते मुलीनंच ऐकून घेतलं.

परत जाताना ओटा आला. वॉचमन या वेळी तयारीत होता. त्यानं हसून स्वतःचेच हात वर करून दाखवले. "आजोबा, झडती?"

बाबांनी हात वर केले नाहीत. छातीशी घट्ट धरले, मान खाली घातली आणि त्याच्याकडे न बघता भराभर बाहेर पडले. रस्ता ओलांडून भिंतीच्या आडोशाला जाऊन थांबले. मुलगी पळत मागे आली.

"काय झालं? कुठे निघालात?"

"फोन दे."

"कोणाला करायचाय?"

"काकाला लाव."

मुलीच्या तोंडात काहीतरी तिखट आलं होतं. ते तिनं गिळलं आणि फोन लावून दिला.

पलीकडे बराच वेळ नुसता खोकला. मग बाबांना खोकला आला. दोन्ही खोकले एकसारखेच होते, कोणाचा कुठला ते मुलीला कळेना.

"कोण?" शेवटी काकाचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

बाबांनी एकदा मागे वळून दरवाजाकडे पाहिलं.

"धाकट्या," ते म्हणाले, "आज झडतीत मीपण सापडलो रे."