आतल्या खोलीतला फोन

"बाहेरचा फोन, आतला फोन आणि नेट एकाच लाइनवर आहेत, आणि आतल्या फोनला नेट वेगळं ठेवणारा फिल्टर नाही. त्याचा रिसीव्हर कुणीतरी उचलून ठेवलाय, म्हणून तुमचं नेट रांगतंय," लाइनमन म्हणाला.

"ती आमच्या मुलीची खोली," काका म्हणाले. "ती गेल्यापासून कुलूपच आहे."

त्यांनी कुलूप काढलं. सगळीकडे धूळ होती आणि रिसीव्हर उशीवर पडला होता. लाइनमनने तो जागेवर ठेवला, त्या फोनची भिंतीतली जुनी वायर तोडली. नेट सुसाट पळालं.

काकू दारातच थांबल्या होत्या.

"दादा, ती वायर परत जोडा. नेटचं काय, रांगू दे. संध्याकाळी आम्ही बाहेरच्या फोनवरून तिला दिवसभराचं सांगतो. ती बोलत नाही, नुसती ऐकते."

लाइनमन वायर उचलायला वाकला. रिसीव्हर पुन्हा उशीवर होता, आणि त्याच्या शेजारी उशी हळूहळू दबत होती.