फटफटी

"ही ती नाही." ताईने धाकट्या बहिणीच्या पाठीवरचा कान उचलला आणि तोंड फिरवलं.

धाकटी पलंगाच्या कडेला पाठमोरी तशीच बसून राहिली. गेल्या दोन वर्षांत ताई एकेकाला विसरत गेली होती. आधी शेजारणी, मग नातवंडं, मग पोटचा मुलगा. धाकटीचा चेहराही आताशा तिला ओळखू येत नसे. पण दर रविवारी धाकटी अशी पाठ करून बसली, की ताई कान टेकायची, दोन क्षण ऐकायची आणि म्हणायची, "आली माझी फटफटी!" एवढं एक शाबूत होतं.

धाकटीचं काळीज लहानपणापासून नुसतं पळायचं. दोघी एका अंथरुणात झोपत. "हिच्या आत फटफटी आहे," असं ताई घरभर सांगायची आणि त्याच आवाजावर पाच मिनिटांत घोरायला लागायची. जागी राहायची ती धाकटी. पुढे डॉक्टर करून झाले, छातीला वायरी लावून झाल्या. रिपोर्ट नॉर्मल, नाडी एकशे दहा. का, ते कुणालाच सांगता आलं नाही. त्या पळत्या काळजानिशीच तिने संसार केला, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. जिना चढताना दर मजल्यावर थांबायचं आणि दम लागलेला दिसू नये म्हणून दारांवरच्या पाट्या वाचायच्या. त्यामुळे ताईच्या इमारतीतली झाडून सगळी आडनावं तिला पाठ होती.

मागच्या सोमवारी नव्या डॉक्टरांनी गोळी दिली. "कारण सापडेल तेव्हा सापडेल, आपण लगाम तर घालू," म्हणाले. आठवड्यात नाडी बहात्तरवर आली. आयुष्यात पहिल्यांदा तिला दुपारी डुलकी लागली. इतकं बरं वाटलं होतं, की ताईला कधी सांगते असं झालं होतं तिला.

"ती कुठाय?" ताई भिंतीकडे बघत म्हणाली. "तिला बोलवा. या बाईंना कशाला आणून बसवलंत?"

ताईची सून दारातच उभी होती. "मावशी, मनावर घेऊ नका. आज त्यांचा दिवस बरा नाही."

"दिवस बरा आहे गं," धाकटी म्हणाली. "मीच बरी झालेय."

ती उठली, पायांत चपला सरकवल्या आणि दार उघडून बाहेर पडली.

"अहो, चहा टाकलाय!"

"आलेच."

सून मागोमाग दारापर्यंत आली, तर मावशी जिना चढत होत्या. "मावशी, लिफ्ट चालू आहे!"

"लिफ्टने काम होणार नाही."

तीन मजले वर, तीन मजले खाली. पहिल्या फेरीला काळीज ढिम्म. जन्मभर नको तेव्हा उधळलं आणि आज गरज पडली तर मेलं हलायला तयार नाही. दुसऱ्या फेरीला गुडघे बोलू लागले. एकही पाटी न वाचता ती चढत राहिली. तिसऱ्यांदा खाली आली, तेव्हा कानांत ती जुनी ओळखीची धडधड सुरू झाली होती.

"अहो, काय हे! बसा आधी," सून कप हातात घेऊन धावली. धाकटी तिच्या बाजूने तशीच आत गेली आणि ताईकडे पाठ करून पलंगावर बसली.

"ऐक ना गं," ती धापा टाकत म्हणाली. "एकदाच."

ताई भिंतीकडून वळली. मग पाठीवर कान टेकला. पाठोपाठ कमरेभोवती हात आला, अगदी त्या अंथरुणात यायचा तसाच.

"आलीस?" ताई म्हणाली. "किती वेळ लावलास गं, फटफटे."

"जिन्यात अडकले होते."

धाकटीचे डोळे भरून आले, पण पुसायला तिने हात हलवला नाही. धाप ओसरत चालली होती. आतला वेगही एकेक पायरी उतरू लागला होता. सकाळची गोळी आपलं काम चोख करत होती. पाठीवरचा कान अजून जागा होता.

"झोप, ताई," ती हळूच म्हणाली. "लवकर झोप."