पहिली आवृत्ती

दिगंबर केळुसकरांनी संगणकाच्या काळ्या पडद्यावर एकेक अक्षर शोधत आज्ञा लिहिली, 'आवृत्ती जतन'. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या त्यांच्या बायकोच्या, मंदाकिनीच्या, कानामागच्या यंत्राचा दिवा क्षणभर हिरवा झाला.

"जमलं काका!" दवाखान्यातून शिकवायला आलेली फरीदा म्हणाली. "काकूंची आजची स्मृती जतन झाली. यापुढे त्या कितीही विसरल्या, तरी तुम्ही त्यांना इथवर परत आणू शकाल."

"इथवर नको गं. दोन वर्षांपूर्वी यंत्र बसवलं, तेव्हा ती मला ओळखत होती. तिथे ने तिला."

फरीदाने पडद्याकडे बोट दाखवलं. "काका, यंत्र आपणहून काहीच जतन करत नाही. आज्ञा द्यावी लागते. तुमची पहिली आज्ञा आजची. त्याच्या मागचं काहीच नाही."

"मला वाटलं, ते आपोआप होत असेल," दिगंबर म्हणाले.

दिवाळीपर्यंत मंदाकिनीचं बोलणं थांबलं. मग ती घास गिळायचंही विसरली. तेव्हा दिगंबरांनी पुन्हा पडदा उघडला आणि तिला त्या एकुलत्या एक आवृत्तीवर नेलं.

तिने पदर सावरला, खोलीभर पाहिलं. समोर एक अनोळखी म्हातारा डोळे पुसत होता. तिला वाईट वाटलं.

"तुमचं कोण आजारी आहे?" तिने विचारलं.

"बायको."

"होईल हो बरी," ती म्हणाली आणि तिने त्यांचा हात थोपटला.