कोपऱ्यातलं नाव

मालकाने जेवायला पाऊण तास दिला होता. नजीरने डबा उघडलाच नाही. कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मशीनवर अर्धा सोडून तो सायकल हाणत थेट नांदेडच्या संग्रहालयात आला. हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्यांचं प्रदर्शन लागलंय आणि त्यात तुझीही एक आहे, असं सकाळी कुणीतरी सांगितलं होतं. कोणती, ते सांगितलं नव्हतं. साठीला टेकलेला माणूस, पण दोन दोन पायऱ्या चढून वर गेला.

पाटी त्याने लांबूनच ओळखली आणि त्याची चाल मंदावली.

'मन्मथ किराणा व भुसार, हदगाव.' पिवळ्यावर लाल अक्षरं, अक्षरांना काळी सावली. कोपऱ्यात बारीक: 'नजीर पेंटर'. त्याने त्या नावाकडे बोट नेलं.

"काका, हात नका लावू," तिथे बसलेली मुलगी म्हणाली. गळ्यातल्या कार्डावर ऋतुजा लिहिलेलं होतं.

"मीच नजीर," तो म्हणाला.

ती उडालीच. "खरंच? अहो, रविवारी सत्कार करू तुमचा! आमचे सर म्हणतात, 'किराणा'तला असा 'ण' काढणारा माणूस आता अख्ख्या मराठवाड्यात नाही."

असं कुणीतरी म्हणावं म्हणून नजीरने चाळीस वर्षं वाट पाहिली होती. आता म्हटलं, तर त्याने पाटीवरून नजर काढून घेतली.

तो 'ण' व्यंकट उस्तादांचा होता. अख्खी पाटीच त्यांची. ज्यांनी नजीरच्या हातात ब्रश दिला, ते हे उस्ताद. ते आजारी पडले त्या वर्षी दुकानदाराने पाटी उजळायला नजीरला बोलावलं. धंद्याचा रिवाज साधा होता: अक्षरं नव्याने काढली तर आपलं नाव टाकायचं, नुसती उजळली तर जुनं नाव राहू द्यायचं. नजीरने धूळ पुसली, वार्निश मारलं आणि उस्तादांचं नाव खरवडून स्वतःचं टाकलं. गिऱ्हाईक हवं होतं, दुसरं काय.

महिन्याभराने उस्ताद त्या पाटीखाली येऊन उभे राहिले. बराच वेळ वर बघत होते. "वार्निश चांगलं बसलंय रे," एवढंच म्हणाले. नजीरने तेव्हा माफी मागितली नाही. पुढे मागायला उस्ताद राहिले नाहीत.

"काका, पाटीशेजारी उभे राहा ना," ऋतुजाने फोन समोर धरला. "पेपरला देऊ फोटो."

नजीर उभा राहिला. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलं. मग बाजूला सरकला.

"फोटो नगं, पोरी. हे काम माझं न्हाई. व्यंकट उस्तादाचं हाय."

ऋतुजा हसली. "काय काका! खाली तर तुमचंच नाव आहे."

"हाव," नजीर म्हणाला. "तेवढंच माझं हाय."